बायोडिझेल करण्याआधी ते तपासायला शिका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तळणीच्या उरलेल्या तेलापासून घरच्या घरी बायोडिझेल, म्हणजे डिझेलच्या जागी वापरायचे इंधन, करण्याच्या कृती सध्या मोबाइलवर फिरत आहेत. एका बाटलीत तेल, दुसरीत ‘केमिकल’, दोन्ही एकत्र हलवायचे, रात्रभर ठेवायचे आणि सकाळी वरचा पिवळा थर इंजिनात ओतायचा. यातली रासायनिक क्रिया खरी आहे आणि सोपीही आहे. पण तो पिवळा थर इंधन म्हणायच्या लायकीचा झाला की नाही, हे ठरवणाऱ्या चाचण्या या कृतींत कुठेच नसतात. खाली उरलेल्या तपकिरी थराचे काय करायचे, याबद्दल तर अवाक्षरही नसते. आपल्या वाचकांत फरसाणवाले आहेत, वसतिगृहांच्या खानावळी सांभाळणारे आहेत, डिझेलचे पंपसेट चालवणारे शेतकरी आहेत. त्यांच्यासाठी हे पत्र जरा लांब, पण मापांसह लिहीत आहोत.

सगळ्यात आधी मेथॅनॉल. व्हिडिओतले ‘केमिकल’ म्हणजे मेथॅनॉलमध्ये विरघळवलेला कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, खताचा पोटॅश नव्हे; पुढे नुसते ‘पोटॅश’ म्हटले आहे) किंवा कॉस्टिक सोडा. मेथॅनॉल पोटात गेले की शरीर त्याचे फॉर्मिक आम्ल बनवते. त्याने दृष्टी जाते, मात्रा जास्त असेल तर माणूस दगावतो. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, ती याच मेथॅनॉलमुळे. ते कातडीतूनही आत जाते आणि त्याची लक्षणे काही तासांनी दिसतात, म्हणून ‘बरे वाटतेय’ म्हणत घरी थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावे. १९१९ च्या विष कायद्याखालील राज्याच्या नियमांनुसार मेथॅनॉल विकायला आणि बाळगायला परवाना लागतो. रंगाच्या दुकानातून बाटलीत भरून आणण्याची ही वस्तू नाही. ते ६४.७ अंशांना उकळते आणि त्याची वाफ ११-१२ अंशांनाही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ बारा महिने. भर उजेडात त्याची ज्योत नीट दिसतसुद्धा नाही. म्हणून स्वयंपाकघर, गॅसची शेगडी आणि घरचा मिक्सर या कामापासून पूर्णपणे दूर ठेवले पाहिजेत. मिक्सरच्या मोटारीत कार्बन ब्रशांच्या ठिणग्या उडत असतात आणि झाकणातून वाफ निसटत असते. हे दोन्ही एकत्र आले की स्फोट ठरलेला. जागा हवी ती चारी बाजूंनी वारा खेळणाऱ्या शेडमध्ये. तापवायचे ते वेगळ्या गरम पाण्याच्या टाकीतून किंवा बंदिस्त हीटरने, उघड्या ज्योतीवर कधीच नाही. डोळ्यांना चष्मा, हातांत जाड रबरी हातमोजे आणि हाताशी वाहते पाणी असल्याशिवाय पोटॅशची बरणी उघडू नये.

मेथॅनॉलऐवजी साधे स्पिरिट चालेल का, असे पुष्कळ जण विचारतात. ९५ टक्क्यांच्या स्पिरिटमधले ५ टक्के पाणी सगळी क्रिया साबणाकडे वळवते आणि ग्लिसरीन, म्हणजे खालचा तपकिरी थर, वेगळे होतच नाही. खाण्याचा सोडा किंवा पापडखार घालून हे काम होत नाही, तेही इथेच सांगून टाकतो.

आता तेल. भजी-वडे तळून उरलेल्या तेलात पिठाचे कण असतात, पाणी असते आणि तेल मोडून तयार झालेली मुक्त मेदाम्ले असतात. आधी वस्त्रगाळ करावे, मग १०० ते ११० अंशांपर्यंत तापवून बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत पाणी उडवावे आणि दोन दिवस निवळू द्यावे. हे काम मेथॅनॉलच्या जागेपासून लांब आणि आधीच उरकायचे. पाणी गेले की नाही हे बघायला तापलेल्या तव्यावर चमचाभर तेल टाकावे. तडतडले तर पाणी आहे. पाण्याबाबत इथे आळस केला की पुढे सगळीकडे साबण होतो.

मेदाम्लांचे माप मात्र डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी अनुमापन, म्हणजे प्रयोगशाळेतले टायट्रेशन, करावेच लागते. जो पोटॅश वापरणार त्यातलाच १ ग्रॅम १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवावा. १० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या सूचकाचे दोन-तीन थेंब टाकून, रंग जेमतेम गुलाबी होईपर्यंत हे द्रावण थेंब थेंब घालावे, म्हणजे अल्कोहोलचा स्वतःचा आम्लपणा बाद होतो. मग त्यात बरोबर १ मिलिलिटर तेल मिसळावे आणि गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकेपर्यंत पुन्हा द्रावण घालत जावे. या दुसऱ्या खेपेला जितके मिलिलिटर लागले, तितके ग्रॅम पोटॅश दर लिटर तेलामागे जास्तीचा. फिनॉल्फ्थॅलीन नसेल तर अल्कोहोलमध्ये भिजवून गाळलेली हळद चालते. हळदीत चुना कालवल्यावर कुंकू होते, तोच गुण इथे उपयोगी पडतो: पिवळा रंग तांबडा झाला की थांबायचे. तेल फार काळे असेल तर हळदीचा बदल नीट दिसत नाही. तेव्हा फिनॉल्फ्थॅलीनच बरे.

आकडा १ ते ३ आला तर तेल चांगले. १ मिलिलिटर म्हणजे साधारण ०.५५ टक्का मेदाम्ले, असा हिशेब धरावा. ५-६ च्या पुढे गेला तर नुसता पोटॅश वाढवत बसू नये. जितकी मेदाम्ले तितका साबण, आणि तो साबण बनताना पाणीही सुटते. असे तेल चांगल्या तेलात मिसळून आकडा खाली आणावा. आधी गंधकाम्ल आणि मेथॅनॉलने मेदाम्लांचेच एस्टर, म्हणजे बायोडिझेल, करून घेण्याची दोन टप्प्यांची रीत आहे, पण ती ज्यांना संहत आम्ल हाताळण्याची सवय आहे त्यांनीच करावी. करंजाच्या किंवा मोगली एरंडाच्या तेलालाही बहुतेक वेळा हाच लांबचा रस्ता घ्यावा लागतो.

माप असे. ९० टक्के शुद्धतेचा पोटॅश दर लिटर तेलाला ६ ग्रॅम, अधिक अनुमापनाचा आकडा. मेथॅनॉल दर लिटरला २२० मिलिलिटर. म्हणजे १० लिटर तेल असेल आणि अनुमापनात ३ आले असतील, तर पोटॅश ९० ग्रॅम आणि मेथॅनॉल २.२ लिटर. पहिली खेप १ लिटरचीच करावी. ती जमली नाही तर १० लिटर वाया जात नाहीत. कॉस्टिक सोड्याची मापे वेगळी असतात, त्याचे अनुमापनही सोड्याच्याच द्रावणाने करावे लागते आणि त्याचे ग्लिसरीन गार झाल्यावर तळाशी दगडासारखे बसते. पोटॅश महाग असला तरी त्याचे ग्लिसरीन पातळ राहते आणि पुढे शेतात उपयोगी पडते, म्हणून आमचा कल पोटॅशकडे आहे. पावसाळ्यात मात्र बरणी उघडी राहिली की पोटॅश हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो. तोच मग वजनाला भरतो पण काम करत नाही. कोकणात तर पाकिटे छोटी घ्यावीत आणि एकदा उघडले की संपवावे.

पोटॅश मेथॅनॉलमध्ये घालायचा तो जाड एचडीपीई प्लास्टिकच्या, घट्ट फिरकीच्या झाकणाच्या कॅनमध्ये. विरघळताना कॅन चांगलाच तापतो, म्हणून थोडा थोडा घालावा आणि मधूनमधून झाकण जरा सैल करून वाफेचा दाब सोडावा. अ‍ॅल्युमिनियमचे पातेले, जस्ताचा मुलामा दिलेली बादली, तांबे, पितळ यांपैकी काहीही चालत नाही. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्त अल्कलीत विरघळतात आणि हायड्रोजन सुटतो. स्टेनलेस स्टील ठीक.

तेल ५५ अंशांवर आणून हे मिश्रण दोन हप्त्यांत घालावे. आधी चार पंचमांश घालून तासभर ढवळावे, निवळल्यावर खालचे ग्लिसरीन काढून टाकावे, मग उरलेला एक पंचमांश घालून पुन्हा तासभर ढवळावे. ही क्रिया उलटसुलट दोन्हीकडे चालणारी आहे. ग्लिसरीन भांड्यात राहिले तर ती मध्येच अडते, ते काढून टाकले की पुढे सरकते. एकाच हप्त्यात सगळे ओतणाऱ्यांचे तेल बहुधा इथेच अर्धवट राहते. ६० अंशांच्या वर जाऊ नये, मेथॅनॉल उडून जाते. शेवटी ८ ते १२ तास निवळू द्यावे. वर फिकट थर, खाली गडद ग्लिसरीन. बरेच जण इथे थांबतात. खरे काम इथून सुरू होते.

पहिली चाचणी तीन-सत्तावीसची. ३ मिलिलिटर नमुना, २७ मिलिलिटर कोरडे मेथॅनॉल, काचेच्या नळीत हलवून दहा मिनिटे ठेवायचे. बायोडिझेल मेथॅनॉलमध्ये पूर्ण विरघळते, न बदललेले तेल विरघळत नाही आणि थेंबाथेंबाने तळाशी बसते. तळ स्वच्छ तर पास. दोन गोष्टी सांभाळायच्या. एक तर तापमान: ही चाचणी २०-२२ अंशांची आहे. एप्रिल-मेमध्ये ३५ अंशांच्या खोलीत केली तर थोडे तेलही विरघळून जाते आणि नापास माल पास दिसतो, म्हणून नळी गार पाण्यात धरून तापमापक लावूनच करावी. दुसरे असे की, अर्धवट बदललेली मोनो आणि डाय ग्लिसराइडे तसेच मोकळे ग्लिसरीनही मेथॅनॉलमध्ये विरघळतात, त्यामुळे ती या चाचणीत दिसत नाहीत. नापास निकाल पक्का असतो, पास निकाल एवढेच सांगतो की मूळ तेल फारसे उरलेले नाही.

म्हणून लगोलग दुसरी, पाण्याची चाचणी. बरणीत निम्मे निवळलेले बायोडिझेल आणि निम्मे पाणी घेऊन दहा सेकंद जोराने हलवावे. पंधरा-वीस मिनिटांत दोन स्वच्छ थर झाले, खालचे पाणी नुसते दुधाळ, तर ठीक. सगळे मिळून सायीसारखा घट्ट लगदा झाला तर बिघाड आहे. कोणता, ते दोन्ही चाचण्या शेजारी शेजारी ठेवल्या की कळते. तीन-सत्तावीस नापास आणि लगदाही, तर क्रिया अपुरी: पोटॅश कमी पडला, तो मवाळ झालेला होता, किंवा ढवळणे अथवा तापमान कमी पडले. तीन-सत्तावीस पास आणि तरीही लगदा, तर साबण जास्त आहे: तेल ओले होते, मेदाम्ले जास्त होती किंवा पोटॅश जास्त पडला. पहिल्या बिघाडावर उपाय आहे. ग्लिसरीन काढून, न धुतलेल्या मालावर दर लिटरला ६० ते ८० मिलिलिटर मेथॅनॉल आणि १.५ ग्रॅम पोटॅश घालून पुन्हा एक फेरी करायची. दुसऱ्या बिघाडावर धीराने, हलक्या हाताने धुणे हाच उपाय.

लगदा फोडायला लिंबू किंवा व्हिनेगर टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. लगदा फुटतो हे खरे. पण साबणाचे पुन्हा मेदाम्ल होते आणि ते बायोडिझेलमध्येच विरघळून राहते. दिसायला माल स्वच्छ आणि आत आम्लता वाढलेली, असा तो सौदा आहे. बायोडिझेलच्या भारतीय मानकात, आयएस १५६०७ मध्ये, आम्लांकाची (आम्लतेच्या मापाची) मर्यादा दर ग्रॅमला ०.५० मिलिग्रॅम पोटॅश एवढी आहे. धुऊन-सुकवून झाल्यावर आधीचेच अनुमापन पुन्हा करावे, पण नमुना १ ऐवजी १० मिलिलिटर आणि अल्कोहोल ५० मिलिलिटर घ्यावे. बायोडिझेलची घनता ०.८८ धरली तर ४.४ मिलिलिटरपेक्षा जास्त द्रावण लागले की मर्यादा ओलांडली. पोटॅश ९० टक्क्यांचा असेल तर हा आकडा ४.९ धरावा.

धुण्यासाठी एकूण मालाच्या एक तृतीयांश कोमट पाणी, पहिल्या दोन वेळा झारीने हळुवार शिंपडून, मग जरा ढवळून. तीन-चार पाणी लागतात. शेवटचे पाणी नळाच्या पाण्याइतके स्वच्छ आणि त्याच सामूचे (पीएचचे) आले की झाले. बोअरचे जड पाणी वापरू नये. त्यातला कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका करतो आणि तो साका पुढे थेट डिझेल फिल्टरमध्ये जाऊन बसतो. पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत चांगले.

साबण किती उरला हे मोजायचे असेल तर १० ग्रॅम नमुना १०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, ब्रोमोफिनॉल ब्लू या सूचकाचे थेंब, आणि ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल निळा रंग पिवळा होईपर्यंत. पोटॅशच्या मालात दर मिलिलिटर आम्लामागे साबण दशलक्षात ३२० भाग निघतो. धुण्याआधी आणि धुतल्यावर असे दोनदा मोजले की धुणे पुरेसे झाले की नाही, यावर वाद राहत नाही.

सुकवल्यावर ‘यातून वर्तमानपत्र वाचता येते’ ही खूण पुष्कळ जण पुरेशी मानतात. धूसर माल ओला असतो हे नक्की, पण स्वच्छ माल कोरडा असतोच असे नाही. खोलीच्या तापमानाला बायोडिझेल दर किलोला हजार मिलिग्रॅमहून अधिक पाणी पोटात घेऊनही चकचकीत दिसू शकते आणि मानकाची मर्यादा आहे ५०० मिलिग्रॅम. चांगला धुतलेला, मेथॅनॉल गेलेला २०० ग्रॅम नमुना ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलावा, १२० अंशांपर्यंत तापवून, झाकून गार करून पुन्हा तोलावा. घट ०.१ ग्रॅमहून जास्त असेल तर पुन्हा सुकवणे आले. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघड्यावर सुकवणे जवळपास अशक्य असते, हवेतलाच ओलावा माल परत ओढतो. त्या दिवसांत खेप न घेणेच शहाणपणाचे.

उरलेल्या मेथॅनॉलची चाचणी घरी करू नये, कारण ती करण्याची सोपी पद्धत म्हणजे तापवून ज्योत दाखवणे. नीट झालेल्या बायोडिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, १३० अंशांच्या वर असतो. त्यात १ टक्का मेथॅनॉल राहिले तर तो ४० अंशांच्याही खाली घसरू शकतो. म्हणजे डिझेलपेक्षा सुरक्षित इंधन म्हणून साठवलेला कॅन उन्हाळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पेट्रोलच्या वळणावर जातो. एकूण ग्लिसरीन ०.२५ टक्का, मोकळे ग्लिसरीन ०.०२ टक्का, मेथॅनॉल ०.२० टक्का, एस्टर किमान ९६.५ टक्के ही मानकाची बाकीची मापे गॅस क्रोमॅटोग्राफशिवाय सिद्ध होत नाहीत. ती प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी लागतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुन्हा पुन्हा तळून काळे, चिकट झालेले तेल कितीही कसोशीने केले तरी एस्टरच्या मापाला पोहोचत नाही. तापून त्याचे रेणू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यांचे बायोडिझेल होत नाही. चांगले इंधन कढईतच ठरते, ते असे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या एकूण ध्रुवीय संयुगांवर (तेल तापून मोडल्याने वाढणाऱ्या घटकांवर) २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. ती खाणाऱ्याच्या पोटासाठी आहे, पण ती पाळणाऱ्याचे तेल इंधनालाही चांगले असते.

इंजिनाबद्दल. या सगळ्या चाचण्या पास झालेला माल जुन्या पद्धतीच्या, एक सिलिंडरच्या पंपसेटमध्ये डिझेलशी मिसळून चालतो. सुरुवात २० टक्क्यांच्या आत करावी. बायोडिझेल टाकीतला वर्षानुवर्षांचा साका सोडवते, त्यामुळे पहिल्या काही तासांत फिल्टर तुंबतो. तेव्हा इंजिनाला दोष देऊ नये, जादा फिल्टर आणून ठेवावा. साध्या रबराच्या नळ्या फुगून मऊ पडतात, त्या फ्लुओरोरबराच्या घालाव्यात. इंजिन ऑइलची पातळी काठीवर वाढलेली दिसली तर इंधन खाली उतरते आहे असे समजून ऑइल लगेच बदलावे. बीएस-६ च्या गाडीत घरचे बायोडिझेल कदापि घालू नये. धूर गाळणारा फिल्टर साफ करताना ही इंजिने जादा इंधन फवारतात आणि बायोडिझेल लवकर उडत नसल्याने ते इंजिन ऑइलमध्ये उतरते. वॉरंटी जाते ती वेगळीच. फरसाणवाल्यांकडचे तेल बहुतेक पामचे असते, आणि पामचे बायोडिझेल १३ ते १६ अंशांवरच गढुळते. निफाडच्या डिसेंबरात पहाटे पंप सुरू करणाऱ्याने ते वापरूच नये. साठा काठोकाठ भरलेल्या बंद कॅनमध्ये, सावलीत, तीन-चार महिन्यांपुरताच. टाकीत तांब्या-पितळेचे तुकडे असतील तर माल लवकर खवट होतो. आणि हा सगळा माल स्वतःच्या वापरापुरता. विक्रीला शासनाची नोंदणी आणि मानकाचा दाखला हवा.

आता तपकिरी थर. १० लिटर तेलामागे दीड-दोन लिटर, साबण जास्त झाला असेल तर त्याहूनही जास्त. त्याला सगळे ग्लिसरीन म्हणतात, पण त्यात ग्लिसरीनबरोबर साबण, जवळजवळ सगळा उरलेला पोटॅश आणि जास्तीच्या मेथॅनॉलचा मोठा वाटा असतो. म्हणून ते ओढ्यात, गटारात, विहिरीजवळ ओतणे हा गुन्हा समजावा. जनावरांना गोड लागते म्हणून पेंडीत मिसळू नये. आत मेथॅनॉल आहे. चुलीत किंवा शेकोटीत जाळू नये. अर्धवट जळालेल्या ग्लिसरीनमधून अ‍ॅक्रोलीन निघते. तो वायू डोळ्यांना आणि फुप्फुसांना विषारी आहे.

मेथॅनॉल परत मिळवायचे असेल तर बंद भांडे आणि पाण्याने थंड केलेली संघनक नळी हवी. सुरुवातीला ६५ अंशांच्या आसपास येते, पुढे पुढे १०० च्या वर न्यावे लागते. मिळालेल्या मेथॅनॉलची घनता हायड्रोमीटरने बघावी. २० अंशांवर ०.७९२ असेल तर ते कोरडे. त्याहून जड असेल तर त्यात पाणी आहे, ते पुढच्या खेपेत घालू नये. ज्यांच्याकडे हे साधन नाही त्यांनी उघड्या पातेल्यात तापवून ‘उडवून’ देण्याचा विचारही करू नये.

मेथॅनॉल गेलेल्या पोटॅशच्या ग्लिसरीनला चांगला उपयोग आहे. गोबरगॅस संयंत्रात ते फार थोडे घालावे. २ घनमीटरच्या संयंत्रात रोज सुमारे ५० किलो शेण आणि तितकेच पाणी जाते. त्यात सुरुवात पाव ते अर्ध्या लिटरने, आठवडाभर निरीक्षण, आणि एकूण काल्याच्या १ टक्क्यावर जाऊ नये. ग्लिसरीन झपाट्याने आंबते. प्रमाण चुकले की संयंत्रात आम्ले साचतात, काल्याला आंबूस वास येतो, सामू ६.८ च्या खाली जातो आणि गॅस जळेनासा होतो. तसे झाले तर ग्लिसरीन बंद करून काही दिवस नुसते शेण घालावे. गंधकाम्लाने उदासीन केलेले ग्लिसरीन संयंत्रात घालू नये, हायड्रोजन सल्फाइड वाढतो. सोड्याचेही नको, सोडियम साठत जातो.

कंपोस्टमध्ये टाकायचे तर पाण्यात पातळ करून, पालापाचोळ्यात शेणाबरोबर. ग्लिसरीनमध्ये नत्र अजिबात नसते, नुसते ग्लिसरीन टाकल्यास ढीग थंडच राहतो. फॉस्फोरिक आम्ल हळूहळू घालून सामू ५ च्या आसपास आणला तर सगळ्याचे भाग पडतात: वर काळपट मेदाम्ले, मध्ये ग्लिसरीन, तळाशी पोटॅशियम फॉस्फेटचे स्फटिक. ते स्फटिक गाळून वाळवले की पालाश आणि स्फुरद देणारे खत होते. सोड्याच्या ग्लिसरीनमधून असे खत मिळत नाही, उलट जमीन चोपण होते. पोटॅशला जास्तीचे पैसे मोजायचे ते यासाठीही.

साबण करायचा असेल तर एकदम मोठे पातेले चढवू नये. मेथॅनॉल काढलेल्या ग्लिसरीनचे १०० मिलिलिटरचे तीन नमुने घेऊन त्यांत २, ३ आणि ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा थोड्या पाण्यात विरघळवून मिसळावा आणि चार आठवडे मुरू द्यावे. पोटॅशच्या ग्लिसरीनचा साबण मऊच राहतो. सामू कागदावर १० च्या वर गेलेला किंवा वर पांढरे मणी आलेला नमुना बाद. जो जमेल तो गॅरेजमधले तेलकट हात, फरशी, फरसाणच्या कढया यांसाठी उत्तम. आंघोळीला वापरू नये. धुण्याचे पहिले पाणीही साबणाचे आणि अल्कलीचेच असते. ते वेगळ्या टाकीत धरून, आम्लाने तेल वर आणून काढून, चुन्याने सामू ७ वर आणूनच सोडावे.

आमचे मत असे की, महिन्याला अर्धा लिटर तेल उरणाऱ्या घराने हा उद्योग करू नये. मेथॅनॉलचा धोका, पाणी, सुकवणे आणि ग्लिसरीन यांचा हिशेब मांडला तर त्यात काही परवडत नाही. खानावळी, तांत्रिक विद्यालये, आयटीआय आणि कृषी महाविद्यालये यांनी मात्र परवाना घेऊन, शिक्षकांच्या देखरेखीखाली हे जरूर करावे. रसायनशास्त्राचा असा पूर्ण धडा, तेलापासून खतापर्यंत, दुसरा सापडणे कठीण आहे. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल तळणाऱ्यांना १ मार्च २०१९ पासून नोंदी ठेवून उरलेले तेल अधिकृत संस्थांनाच देण्याचे बंधन आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची ‘रुको’ ही वापरलेले तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची योजनाही २०१८ पासून चालू आहे. यात गाडीवरचे छोटे विक्रेते आणि घरे सुटून जातात. त्यांचे तेल आज एक तर स्वस्तात दुसऱ्या कढईत जाते किंवा मोरीत. नगरपालिकांनी प्रभागात एक ड्रम आणि आठवड्याचा एक वार ठरवून दिला, तर हे तेल योग्य जागी जाईल. आपल्या वृत्तपत्राने तो पाठपुरावा करावा आणि बायोडिझेलची कृती छापताना वर दिलेल्या चाचण्या तिच्याशेजारी छापाव्यात, ही विनंती.

तोवर तेल जमा करणाऱ्यांनी एवढे करावे: तेल गार झाल्यावर गाळून, तेलाचाच घासून उन्हात कोरडा केलेला १५ किलोचा डबा वापरावा. फिनेलचा, कीटकनाशकाचा किंवा इंजिन ऑइलचा रिकामा कॅन वापरू नये. डब्यावर तेलाचा प्रकार आणि भरल्याची तारीख लिहावी. तळाशी पाणी जमलेले दिसले तर वरचे तेल निराळे ओतून घ्यावे, आणि पामतेल व सोयाबीन तेल वेगवेगळ्या डब्यांत ठेवावे.

आपले,
रसायनशास्त्राचे काही अध्यापक आणि डिझेल पंप दुरुस्ती करणारे कारागीर,
जि. सांगली